डॉर्कसची पायरी

१

“भाषण ठोकणार तो, खिळे ठोकणार मी,” लॉर्न हॅच माझ्या कानाशी पुटपुटला. आम्ही दोघं एकाच खिडकीत अडकलो होतो. तो बाहेरून चौकट बसवत होता आणि मी आतून पडदा. “आणि व्हर्ला, रविवारी फोटोत कोण? तोच. माझी पाठसुद्धा येणार नाही.”

“तुझी पाठ बघायला कोण येणारंय, लॉर्न? खिळा सरळ मार.”

‘तो’ म्हणजे विल्बर्ट गँबल, आमच्या मॉर्ने पंचक्रोशीचा सरपंच. हातात कागद धरून तो अंगणात येरझाऱ्या घालत होता आणि मेपलच्या झाडांना भाषण ऐकवत होता. “आपल्या आजोबा-पणजोबांनी जंगल तोडलं, आणि स्वतःच्या डोक्यावर छप्पर येण्याआधी मुलांसाठी शाळा बांधली!” झाडं बिचारी ऐकून घेत होती. विल्बर्टच्या आजोबांनी बटाटे काढायच्या दिवसांत मुलांना कधी शाळेचं तोंड बघू दिलं नाही, आणि खुद्द विल्बर्टनं याच शाळेत चार हिवाळे शलगम साठवले, हे त्या झाडांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

त्या वर्षी कॅनडाला शंभर वर्षं झाली होती आणि ओंटारियोतलं प्रत्येक गाव कशाचं ना कशाचं उद्घाटन करत सुटलं होतं. शेजारच्या पंचक्रोशीनं एका गंजक्या हातपंपाभोवती साखळी बांधली आणि त्याला स्मारक म्हटलं. आमच्याकडे ओंडक्यांची ही शाळा होती. पिवळी बस मुलांना शहरातल्या मोठ्या शाळेत न्यायला लागली तेव्हापासून बंद पडलेली. रविवारी तिच्या भिंतीवर पितळी पाटी लागणार होती: ‘मॉर्नेतील पहिली शाळा, १८५४.’

या शाळेच्या दाराशी एक सपाट दगडी पायरी होती. तिच्यावर पाय ठेवायचा नाही. “डॉर्कस, येऊ का?” असं म्हणायचं आणि उडी मारून थेट उंबऱ्यावर. माझी आई तसंच करायची, तिची आईही. डॉर्कस कोण, हे कुणी कुणाला विचारलं नाही. आमच्याकडे एकूणच विचारायची पद्धत कमी.

त्या शुक्रवारी सकाळी मी पडद्यांचा गठ्ठा घेऊन आले, पुटपुटले, उडी मारली. लॉर्न शिडी घेऊन आला, पुटपुटला, उडी मारली. भाषण संपवून विल्बर्टनंही सगळं पोट सावरत तेच केलं. मग प्रार्थनेची पुस्तकं घेऊन रेव्हरंड ऑलसॉप आले. ते टोरांटोचे, वसंतात बदली होऊन आलेले. त्यांना डॉर्कस माहीत नाही. त्यांनी शहाण्या माणसासारखा पायरीवर पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत खड्ड्यात गेले.

आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. आधी रेव्हरंडांच्या घोट्याकडे, मग खड्ड्याकडे. कडेला दोनचार चिमण्या काहीतरी टिपत होत्या.

पायरी नव्हती. आणि आम्ही तिघं सकाळपासून नसलेल्या पायरीवरून उड्या मारत होतो.

२

हवालदार स्टब्ज आला आणि त्यानं एक कप चहा व माझ्या हातचे दोन गोड बटर टार्ट एवढ्यात तपास संपवला.

“अँब्रोज पोझी,” तो म्हणाला. “दुसरं कोण?” सँडविचांसाठी काकड्या घेऊन आलेली ऑर्फा डिंगवॉल कोपऱ्यात त्यांच्या पातळ चकत्या करत होती.

अँब्रोज पोझी आठव्या लाइनवर, म्हणजे शेतांमधल्या आठव्या सरळ रस्त्यावर, एकटा राहायचा. वय सत्तरीच्या पुढे, मेंढ्या पाळायचा, आणि पंचक्रोशीत काळ्या माणसांचं उरलेलं शेवटचं घर त्याचं. आठव्या लाइनवर एकेकाळी अशी पुष्कळ घरं होती म्हणतात. दक्षिणेतल्या गुलामीतून पळून आलेली माणसं, आपल्या आधी आलेली. म्हणतात म्हणजे म्हणत नाहीतच. कुणी चुकून विषय काढला तर दुसरं कुणीतरी हवामानावर बोलायला लागतं.

वसंतात अँब्रोज उद्घाटनाच्या समितीपुढे आला होता. टोपी हातात धरून त्यानं एवढंच सांगितलं, “त्या पायरीचा दगड उलटा लावलाय. माझ्यासमोर एकदा उचलून बघा. माझे गुडघे गेले. मुलगी हॅमिल्टनला चल म्हणून मागे लागलीय. या हिवाळ्याआधी जाईन. पण तो दगड उलटलेला बघून जाईन.” चहा मीच देत होते. समितीतल्या प्रत्येकानं एकदम आपापल्या कपात पाहिलं, जणू उत्तर तळाशी बसलं होतं.

“मागितला, मिळाला नाही, म्हणून नेला,” स्टब्ज बोट चाटत म्हणाला. “दगड ओढायची बिनचाकी घसरगाडी आहे त्याच्याकडे. आणि हे बघ, खड्ड्याशी दाणा सांडलाय. मेंढ्यांचा. सोमवारी त्याला कोर्टात उभा करतो.”

“सोमवारी कशाला?” विल्बर्ट म्हणाला. “म्हातारा माणूस. त्याला सांग, मुकाट्यानं आजच मुलीकडे जा, आम्ही तक्रार करत नाही.” आणि आपल्या मोठ्या मनाचा त्याला स्वतःलाच गहिवर आला.

म्हणजे अँब्रोज चोर ठरूनच जाणार. चाळीस वर्षं ज्या रस्त्यानं तो लोकर घेऊन गेला, त्याच रस्त्यानं मान खाली घालून. मी अर्धा टार्ट बशीत परत ठेवला. माझाच टार्ट, आणि तो मी कधी अर्धा सोडत नाही.

मी गाडी काढली आणि टॅकबेरीबाईंकडे गेले.

युफेमिया टॅकबेरीबाईंनी या शाळेत तीस वर्षं शिकवलं. पंचक्रोशीतल्या पन्नाशीच्या प्रत्येक माणसाचे कान त्यांनी पिळलेले आहेत, आणि एकाही माणसाबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. मी गेले तेव्हा त्या वाटाणे सोलत होत्या.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “मेर्विन स्टब्ज म्हणजे तोच ना, जो नकाशात नेहमी समुद्रावर बोट ठेवायचा?”

“तोच, बाई.”

“आणि खड्ड्याभोवतीचं गवत कसं होतं? घासलेलं, झोपलेलं?”

मी आठवून पाहिलं. “नाही. उभं होतं.”

बाईंनी वाटाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं. “काठी दे. आणि मला शाळेत नेऊन माझ्या खुर्चीवर बसव. एकेकाला आत पाठवायचं. दारातून, लक्षात ठेव. मागच्या खिडकीतून कुणी आलं तर छडी मारीन.”

३

लॉर्ननं खड्ड्यावर फळी टाकली होती. बाई फळ्यासमोरच्या उंच टेबलामागे बसल्या, दाराकडे तोंड करून. मी शेवटच्या बाकावर. आठवीनंतर मला आईनं दूध काढायला घरी बसवलं तेव्हा मी याच बाकावरून उठले होते. पुढचं जे काय शिकले ते टार्ट थंड होईपर्यंतच्या वेळात.

पहिला विल्बर्ट. दाराशी आला, ओठ हलले, आणि सांधे धरलेल्या गुडघ्यांसकट त्यानं फळीवरून उडी मारली.

“बस.”

“बाई, मी सरपंच आहे, मला—”

“तू भागाकारात नापास झालेला विल्बर्ट आहेस. बस. गवंडी आज येणार होता ना, पायरी बसवायला?”

“हो. काउंटीच्या इंजिनिअरचा हुकूम. पायरी डुगडुगते, पाहुणे पडतील. उचलायची, उलटायची, खालची बाजू वर करून बसवायची.”

“आणि हे अँब्रोजला माहीत होतं?”

“सगळ्यांना. चर्चमध्ये सांगितलं होतं.”

“मग तू रागावलेला का नाहीस? अँब्रोजनं मागितलं तेव्हा नाही म्हणालास. इंजिनिअर म्हणाला तेव्हा एवढा गोड कसा?”

विल्बर्टनं टोपीचा काठ चाचपला. “दगड जुना आहे. उलटताना फुटला असता. म्हणून मी म्हटलं, उलटायचं कशाला? जागच्या जागी वरून सिमेंट ओता. दुपारी बारा वाजता. झटपट काम.”

“कायमचं काम,” बाई म्हणाल्या. “हे कुणाकुणाला सांगितलंस?”

“लॉर्नला, सिमेंट तोच कालवणार होता. आणि ऑर्फाला, ती समितीची चिटणीस म्हणून. बाकी कुणाला कशाला सांगू?”

“कशाला सांगशील! खोटं बोलायलासुद्धा तुला मदतनीस लागतात, पण दोनच पुरतात. जा. आणि विल्बर्ट, दगडाखाली काय आहे?”

“माती असेल, बाई.” हे म्हणताना त्यानं मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं. “पाऊस येईलसं वाटतंय.”

आकाश कोरडं ठणठणीत होतं. तो गेला, जाताना पुन्हा उडी मारून.

मग लॉर्न. तोही उडी मारून आला, खिशातले खिळे खुळखुळवत.

“मी बाई त्यातला नाही. मला सिमेंट म्हटलं, मी सिमेंट म्हटलं. काल संध्याकाळी पोती आणून ठेवली, घरी जाऊन झोपलो. दगडाची चोरी मी कशाला करू? घरी अंगणभर दगड आहेत. बायको रोज शिव्या देते.”

“तुझ्याकडे ट्रक आहे.”

“ट्रकमध्ये माझी म्हातारी गाय आहे, पाय मोडलेली. आठवड्यापासून तिथंच झोपते, उतरत नाही. बघा जाऊन.”

मी खिडकीतून पाहिलं. गाय होती. रवंथ करत तिनंही माझ्याकडे पाहिलं. या तपासात एवढी सरळ नजर तिचीच.

“लॉर्न,” बाईंनी विचारलं, “तुझी आजी डॉर्कसबद्दल काय सांगायची?”

लॉर्नचा हात खिशात थांबला. “बकरी होती म्हणे. पहिल्या मास्तरांची. दारात बसायची. ऑर्फाच्या पुस्तकात आहे ना सगळं.”

“मी आजी विचारली. पुस्तक नाही.”

लॉर्ननं खिशातून हात काढला. तो उठला, दाराशी गेला, आणि उडी मारण्याआधी थांबला. “बकरीला कुणी ‘येऊ का’ म्हणून विचारतं का, बाई?” असं म्हणून तो निघून गेला, जणू हे दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं होतं.

४

अँब्रोज पोझीला मी घरून आणलं. त्यानं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आणि कॉलर मानेला रुतत होती.

दारापाशी येऊन तो थांबला. टोपी काढली.

“आत ये, अँब्रोज,” बाई म्हणाल्या.

“मी इथूनच बोलतो, बाई. या दारातून आमच्याकडचं कुणी आत गेलेलं नाही. आता या वयात सुरुवात कशाला?”

बाईंना खुर्चीतून उठायला माणूस लागतो. त्या दिवशी त्या एकट्या उठल्या, काठी टेकत दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. आत त्या, बाहेर तो, मध्ये फळी.

“शर्ट कधी इस्त्री केलास?”

“काल.” तो हसला, पण अर्धाच. “आज गवंडी दगड उलटणार होता ना. साऱ्या लोकांसमोर. म्हटलं, नीट दिसावं. आणि हवालदार म्हणतो, मीच चोरला. मी कशाला चोरू, बाई? पुढच्या काही तासांत तोच मला दिसणार होता.”

“तुला सिमेंटचं कुणी सांगितलं नव्हतं?”

“कसलं सिमेंट?”

बाई माझ्याकडे वळल्या नाहीत, पण काठीचं टोक जमिनीवर एकदा आपटलं. वर्गात कुणाचं उत्तर बरोबर आलं की त्या असंच करायच्या. फार क्वचित.

“घरात दाणा आहे, अँब्रोज? भरडलेला?”

“भरडलेला दाणा माझ्या मेंढ्यांनी स्वप्नातही पाहिला नाही. गवत खातात त्या. मी पण जवळजवळ तेच खातो.”

“आणि डॉर्कस?”

त्यानं खड्ड्यावरच्या फळीकडे पाहिलं. “माझे वडील लहानपणी या दाराशी आले होते. मास्तर उंबऱ्यावर उभे होते, तुम्ही आत्ता आहात तसे. म्हणाले, तुमच्यासाठी नाही. तेव्हा वडिलांनी मास्तरांना नाही, खाली दगडाला विचारलं, ‘डॉर्कस, येऊ का?’ आतली पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा तो खेळच झाला.” त्यानं टोपी डोक्यावर घातली. “बाई, तुम्ही इथं तीस वर्षं शिकवलंत. पोरं रोज तुमच्यासमोर उड्या मारत आली. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

टॅकबेरीबाईंना मान खाली घालताना मी त्या एकदाच पाहिलं.

अँब्रोज माझ्या गाडीत जाऊन बसला. बाई परत खुर्चीपर्यंत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता. “मी त्यांना नद्यांची नावं विचारत बसले,” त्या म्हणाल्या. “उगमापासून मुखापर्यंत.”

शेवटी ऑर्फा डिंगवॉल आली. ऑर्फाच्या नवऱ्याची पिठाची आणि खाद्याची गिरणी आहे. ऑर्फानं ‘मॉर्नेच्या शाळांची कहाणी’ लिहिली आहे. त्यात आमचे सगळे पूर्वज भल्या पहाटे उठतात आणि एकही जण दारू पीत नाही. छापून आलेले गठ्ठे कोपऱ्यात रचून ठेवले होते. रविवारी विक्री.

ऑर्फा फळीवर पाय ठेवून, टाच दाबून, सरळ चालत आत आली. बसली. मांडीवर पर्स ठेवली.

“लवकर करा, बाई. सँडविचं राहिलीत.”

बाईंनी तिला काहीच विचारलं नाही. नुसत्या बघत राहिल्या, इतका वेळ की ऑर्फाची बोटं पर्सच्या खटक्याशी उघडझाप करायला लागली.

“जा,” बाई म्हणाल्या. “सँडविचं कर.”

ती गेली, तशीच चालत. मी म्हटलं, “बाई, एक प्रश्नसुद्धा नाही?”

“तिनं येतानाच उत्तर दिलं. तू बघत नव्हतीस. अँब्रोजला घरी सोड आणि गाडी गिरणीकडे घे.”

५

ऑर्फाचा नवरा क्लिफर्ड शहरात गेला होता. मागच्या कोठारात ओट्सच्या भरड्याचा वास दाटून होता. ऑर्फा तिथंच होती, सँडविचं सोडून. पोत्यांच्या थप्पीपुढे उभी, जणू थप्पी पळून जाईल.

“स्टब्ज म्हणतो घसरगाडी,” बाई पोत्यावर बसत म्हणाल्या. “घसरगाडीनं दगड नेला असता तर गवताची सालटं निघाली असती. गवत उभं होतं. म्हणजे दगड चाकांवर गेला. पोती ढकलायची दोनचाकी गाडी, खाली दोन फळ्या. ही गिरणी तुझ्या बापाची होती तेव्हा, तू बारा वर्षांची असल्यापासून ती गाडी ढकलतेस. मी स्वतः तुला त्यावरून शाळेला उशीर झाल्याची शिक्षा केलीय.”

“गाड्या सगळ्यांकडे—”

“सगळ्यांच्या गाडीतून भरडा सांडत नाही. चिमण्यांना विचार. पण ते जाऊ दे. दगड कुणी चोरावा? ज्याला तो उलटायला नको होता त्याला चोरायची गरज नव्हती, कारण विल्बर्टचं सिमेंट तयार होतं. अँब्रोजला तो उलटायला हवा होता, तो इस्त्री करून वाट बघत होता, त्याला सिमेंट माहीतच नव्हतं. म्हणजे चोर असा, की ज्याला सिमेंट माहीत होतं, आणि ते ओतायच्या आत ज्याला एकदा खाली बघायचं होतं. विल्बर्टला बघायचं नाही, त्याला सवयच नाही. लॉर्नला बघवणार नाही. उरलं कोण?”

ऑर्फानं एका पोत्याची गाठ घट्ट केली.

“आणि आज तू फळीवर पाय देऊन आत आलीस. विल्बर्टनं उडी मारली, लॉर्ननं मारली. खड्डा रिकामा आहे हे डोळ्यांनी बघूनसुद्धा. व्हर्लानं तर सकाळपासून चार वेळा मारली. जन्माची सवय नुसतं बघून जात नाही. तू मात्र चालत आलीस. कारण तू रात्री त्या खड्ड्यात उभी राहून पहार घातलीस. तुझ्यापुरती डॉर्कस तिथून उठून गेली होती.”

ऑर्फानं हळूच दोन पोती बाजूला केली.

दगड भिंतीला टेकून उभा होता, धुऊन स्वच्छ पुसलेला. अक्षरांमधली मातीसुद्धा काढलेली, हेअरपिननं असावी, कारण ती शेजारीच वाकडी पडली होती. अक्षरं ओबडधोबड होती, शिकाऊ हातांची, पण वाचता येत होती.

*डॉर्कस पोझी. या शाळेची शिक्षिका. १८४७. हा दगड तिच्या मुलांनी बसवला.*

एवढी वर्षं पायरी, पायरी म्हणत होतो आम्ही. तो थडग्याचा दगड होता.

“पाटीवर १८५४,” बाई म्हणाल्या. “सात वर्षं आधी मेलेली बाई ‘या शाळेची’ शिक्षिका कशी असेल, ऑर्फा? इतिहास तू लिहिलायस. सांग.”

“आजी म्हणायची, ओंडके आठव्या लाइनवरून आणले,” ऑर्फा दगडाकडेच बघत होती. “थंडीत, बर्फावरून घसरत. तिचे वडील बैल हाकत होते. मी विचारलं, तिथं काय होतं? तिनं माझ्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला.”

“आणि मग?”

“मग मी बकरी लिहिली.”

“छान लिहिलीस. दाढीसकट.” बाईंचा आवाज पातळ आणि थंड होता. “तू दगड बघितलास, वाचलास, घासून पुसलास. तोवर मला तुझा राग नव्हता. पण सकाळी स्टब्जनं अँब्रोजचं नाव घेतलं तेव्हा तू सँडविचं करत होतीस. काकडीची साल काढून, पातळ पातळ. त्याची मात्र मला किळस येते.”

ऑर्फा रडायला लागली. टॅकबेरीबाईंनी तिला रुमाल दिला नाही.

“पुस्तकं छापून आलीत, बाई,” ती हुंदक्यात म्हणाली. “सगळ्यांनी आपापल्या आजोबांचे फोटो दिलेत. मी काय तोंडानं—”

“मी पोलिसांकडे जाणार नाही. मेर्विनला दोनदा समजावून सांगायचा मला कंटाळा आहे. दगड सापडला, अँब्रोजनं नेला नव्हता, एवढं व्हर्ला त्याला आत्ता सांगेल. बाकी रविवारपर्यंत तुझ्याकडे.”

६

विल्बर्टनं शनिवारभर फोन फिरवून सगळं नीट लावलं. आमच्याकडे माणसं घर बांधायला एकत्र येत नाहीत तेवढी गप्प बसायला येतात. ठरलं ते असं: दगड रस्त्याकडेच्या चरात सापडला. टवाळ पोरांचं काम. अँब्रोजवर कुणाचा संशय नव्हताच, असं स्टब्ज स्वतः म्हणाला, आणि म्हणताना त्याला हसूही आलं नाही. दगड होता तिथं, होता तसा बसवायचा. तसा म्हणजे अक्षरं खाली. गवंड्याला घरी पाठवलं. अडचणीचं सगळं संपलं. लोक माझ्या टार्टकडे वळले.

रविवारी शाळेसमोर सगळी पंचक्रोशी जमली. बँड होता. हॅट होत्या. पालथा दगड दाराशी बसवलेला होता, कडेची माती अजून ओली. अँब्रोज पोझी कुंपणाबाहेर, रस्त्यावर उभा होता, त्याच पांढऱ्या शर्टात. त्याची मुलगी हॅमिल्टनहून गाडी घेऊन आली होती. इंजिन सुरू ठेवून बसली होती. तो दगडाकडे बघत होता आणि बाकी सगळे त्याच्याकडे न बघायचे कष्ट घेत होते.

विल्बर्टनं भाषण केलं. आजोबा-पणजोबा आले, जंगल तोडलं गेलं, डोक्यावर छप्पर येण्याआधी शाळा झाली. टाळ्या. पाटीवरचा पडदा ओढला. पितळ चमकलं. लॉर्न हॅच फोटोत आला, पाठीसकट.

“आणि आता,” विल्बर्ट म्हणाला, “आपल्या इतिहासकार, श्रीमती ऑर्फा डिंगवॉल, आपलं पुस्तक—”

ऑर्फा उठली. हातात पुस्तक होतं. ते तिनं खुर्चीवर ठेवलं आणि लॉर्नच्या अवजारांतली पहार उचलली. तिचा नवरा “ऑर्फा?” म्हणाला. सरळ दगडाशी जाऊन तिनं पहार खाली घातली आणि जोर लावला. दगड शनिवारी इतका ठोकून बसवला होता की हलला नाही.

कुणी उठेना. बँडवाल्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली. पहिल्या रांगेतल्या बायका हातमोज्यांची बटणं बघत होत्या, पुरुष आकाश. विल्बर्टनं घसा खाकरला, “या उन्हात ताईंना जरा—”

मग टॅकबेरीबाईंची काठी वाजली. “लॉर्न हॅच. ऊठ.”

लॉर्न उठला. मीही उठले. तिघांनी मिळून पहार दाबली तेव्हा दगड सुटला, उभा राहिला आणि मागे पडला, तोंड वर करून. अक्षरांवर ऊन आलं. गर्दीतून आवाज निघाला नाही, आणि त्या न निघण्यातच कळत होतं की कुणालाच नवल वाटलेलं नाही.

कुंपणापलीकडे अँब्रोजनं टोपी काढली. त्याच्या मुलीनं इंजिन बंद केलं आणि ती खाली उतरली.

“पोरांचा खोडसाळपणा,” विल्बर्ट घाईनं बोलायला लागला, “कुणीतरी मागाहून कोरलेलं—”

“गप्प बस, विल्बर्ट,” ऑर्फा म्हणाली. तिचे हात मातीनं भरले होते आणि हॅट एका कानावर आली होती. ती आमच्याकडे वळली. आम्हा सगळ्यांकडे, आजोबांचे फोटो दिलेल्या एकेका घराकडे.

“ही शाळा आपण बांधली नाही,” ती म्हणाली. “पोझींच्या लोकांनी बांधली, आठव्या लाइनवर, आपल्या आधी. आपण ती चोरून आणली, त्यांच्या बाईला पायाखाली घातलं, आणि त्यांच्या मुलांना दारातून परत पाठवलं.”